रायगडावर राजवाडा पुन्हा बांधायचा? आधी आहे ते जोतं टिकवा

घाटमाथा
कालपासून एक पोस्ट फिरतेय: "रायगडावर नुसती जोती बघून लाज वाटते. पोलंडचं वॉर्सा शहर राखेतून उभं राहिलं, मग महाराजांचा राजवाडा का नाही? सागवान आणा आणि बांधा."

भावना कळते, मागणी साफ चुकीची आहे. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, आग लागली आणि लाकडी इमला जळून गेला. उरली जोती, पायऱ्या आणि खांबांचे दगडी तळखडे. तळखड्यांवरून दोन खांबांतलं अंतर मिळतं. खांबाची उंची, मजले, छपराचा उतार, कोरीवकाम यातलं काहीही मिळत नाही. म्हणजे वर जे उभं राहील ते आजच्या कुणाच्या तरी मनातलं. आणि त्याच्या पायासाठी खणलं की जोत्याखालचे थर कायमचे गेले.

सह्यकडा
असहमत. गडावरच्या जगदीश्वर मंदिराच्या शिलालेखात गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी विहिरी, तळी, बागा, खांब, उंच राजगृहं सगळं नोंदवलंय. इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडेन १६७४ च्या राज्याभिषेकाला हजर होता, त्याचं लिखाण आहे. आणखी किती पुरावा हवा? शाळेतल्या पोराला चौथरा दाखवून काय समजणार? तुम्हा अभ्यासकांना फक्त नाही म्हणता येतं.

घाटमाथा
शिलालेखातली उंची काव्यातली आहे, सुताराला तिच्यावरून खांब कापता येत नाही. ऑक्झेंडेनने दरबार आणि सिंहासन वर्णन केलं, वाड्याचा आराखडा दिला नाही. वॉर्साकडे दुसऱ्या महायुद्धापूर्वी मोजून काढलेले नकाशे होते, चित्रकार बेलोत्तोने काढलेली शहराची अठराव्या शतकातली चित्रं होती. इथे यातलं काय आहे ते सांगा. जुन्या वास्तूंच्या जतनाची १९६४ ची आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनद स्पष्ट सांगते की अंदाज सुरू झाला की जीर्णोद्धार थांबवायचा. २०२५ मध्ये गड जागतिक वारशात गेला तो अस्सलपणावर. तोच घालवायचा?

चुनेगच्ची
राजवाड्याचं राहू द्या हो. गडागडांवर हौशी मंडळी तटाच्या दरजांत, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत, सिमेंट भरत सुटलीत, त्यावर कुणी बोलणार का?

पक्काकाम
सिमेंटने काय बिघडतं? आपला दगड काळा कातळ आहे, वालुकाश्मासारखा झडत नाही. उलट चुना पहिल्याच पावसात धुऊन जातो. निधी थोडा, माणसं थोडी, टिकेल ते वापरा.

चुनेगच्ची
दगड झडत नाही, भिंत कोसळते! तट एकसंध नसतो. दोन्ही अंगांना घडीव दगड आणि पोटात चिपा, माती, चुन्याचा भराव. पावसाचं पाणी माथ्यावरून पोटात उतरतं आणि दरजांतून झिरपून बाहेर पडतं. दरजा सिमेंटने बुजवल्या की ते आत साठतं, भराव फुगतो, तटाला पोट सुटतं आणि एखाद्या पावसाळ्यात अख्खा दर्शनी थर खाली येतो.

चुना धुतला जातो तो घाईने केलेला. कळी, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे, पाण्यात विरवायची, गाळायची, किमान तीन आठवडे पाण्याखाली मुरवायची. मग एक भाग चुना, एक भाग सुर्खी (विटांची पूड), एक भाग धुतलेली नदीची वाळू. खाडीची वाळू नको, क्षार फुटतात. चुना मळायच्या दगडी चाकाच्या घाणीत मळून घ्या, गूळ-हिरड्याचं पाणी घाला. दरज आधी खोलवर साफ करून ओली करायची, नाहीतर कोरडा दगड मालातलं पाणी ओढतो आणि तो भुसभुशीत राहतो. वर दोन-तीन आठवडे ओलं गोणपाट. सुर्खीमुळे माल ओलाव्यातही धरतो. काम दिवाळीनंतर सुरू करून मार्चपर्यंत उरका. एप्रिल-मेमध्ये भरलेला चुना धरायच्या आतच पाऊस येतो, आणि दोष चुन्याला लागतो.

पक्काकाम
आणि तटात उगवलेला पिंपळ? मुळ्या उपटून तिथे काय भरायचं, हाही चुनाच?

चुनेगच्ची
उपटायच्याच नाहीत! मुळी ओढली की दगड तिच्याबरोबर येतो. बुंधा छाटा, छिद्र पाडून औषध भरा, मूळ मरू द्या, मग पोकळीत पातळ चुना ओता. आणि सगळ्यात आधी तटाच्या माथ्यावर कोबा करून उतार द्या. पाणी आत शिरलंच नाही तर निम्मी दुखणी संपली.

पक्काकाम
माथ्याचं मान्य. पण चुन्याला लागणारा वेळ आणि जाणता गवंडी कुठून आणायचा, तेही लिहा. नुसतं सिमेंटवाल्यांना झोडपून तट उभा राहत नाही.

सह्यकडा
धागा राजवाड्याचा होता, गवंडीकामाचा नव्हे. बरं, गडावर नको तर नको. खाली पाचाडला पूर्ण मापाची प्रतिकृती करायला तरी हरकत नसावी?

घाटमाथा
जिजाऊंच्या वाड्याच्या अवशेषांपासून लांब, आणि "हा अंदाज आहे" असा ठळक फलक लावून केली तर नाही. पण त्याआधी तोच पैसा गडावरच्या जोत्यांमध्ये साठणारं पाणी काढायला लावा.