तारे कापले, बाहेर आले गोल!
नाताळच्या कुकीज तारे आणि घंटांच्या आकारात कापल्या, पण ओव्हनमध्ये त्यांचे गोळे झाले आणि वरच्या आयसिंगचा (साखरेच्या लेपाचा) लाल रंग पांढऱ्यात उतरला, असं कुणीतरी लिहिलेलं वाचून हसू आलं, कारण पहिल्या नाताळात माझंही अगदी हेच झालं होतं. मैद्याला दोष देऊ नका, खोड लोण्याची असते. कणीक उबदार राहिली की कडा धरायच्या आत लोणी वितळतं आणि आकार पसरतो. मी आता दोन बटर पेपरांमध्ये साधारण ६ मिमी जाड लाटते, आकार कापते आणि ट्रेसकट १५-२० मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवते. बेकिंग पावडर चिमूटभरच. नाही घातली तरी बिघडत नाही.

लाल रंग पांढऱ्या आयसिंगमध्ये उतरतो, त्याला बहुतेकदा आपली घाई कारण. (मुलं शेजारी उभी असली की रात्रभर थांबणं अशक्यच, ते वेगळं.) कुकीवर भरायचं आयसिंग चमच्याने वरून सोडून बघा. पडलेली रेघ १०-१५ सेकंदांत मिटायला हवी. त्याआधीच मिटली तर आणखी पिठीसाखर घाला. पातळ रंगांऐवजी जेलचे वापरा, आणि पांढरा थर पूर्ण वाळल्याशिवाय लाल हातात घेऊ नका.

हो, कुकीज पूर्ण गार झाल्याशिवाय आयसिंग लावूच नका, नाहीतर ते ओघळतं.