बॅटरीच्या कामातल्या शिशानं स्पर्म काउंट कमी होतो का?

वाळूज_साइड:
नमस्कार. वय ३१, वाळूजकडं एका शेडमधी कामाला आहे, जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, प्लेटा काढायच्या आणि शिसं वितळवून ओतायचं असं काम. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. घरच्यांनी आधी बायकोच्याच सगळ्या तपासण्या करायला लावल्या, सोनोग्राफी, हार्मोन, नळ्यांचा एक्सरे, सगळं नॉर्मल आलं, तवा कुठं डॉक्टर म्हणले की तुमची पण एकदा करा. माझा रिपोर्ट आला काउंट ९ मिलियन आणि मोटिलिटी म्हणजे स्पर्मची हालचाल २० टक्के. डॉक्टरनी झिंकच्या गोळ्या लिहून दिल्या, काम काय करता ते विचारलं नाही आणि मी पण सांगितलं नाही. आता शेडमधला एक जुना माणूस म्हणायलाय की हे शिशामुळंच असणार. आणि मामा गावाकडून एका वैद्याचं भस्म घेऊन यायलेत, ताकदीचं आहे म्हणून. घ्यावं का? काम लगेच सोडता येणार नाही, घर त्याच्यावरच चालतंय. इथं नाव दिसत नाही म्हणून विचारायलोय, तोंडावर कुणाला विचारायची हिंमत होत नाही.

लॅबवाला_जालना:
भाऊ, आधी रिपोर्टचं. डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या पुस्तकात काउंटची खालची मर्यादा एका मिलिलिटरला १६ मिलियन आहे आणि एकूण मोटिलिटी ४२ टक्के, म्हणजे तुमचा कमी आहे हे खरं, पण एका रिपोर्टवर शिक्का मारत नसतात. मधी ताप येऊन गेला असला तरी काउंट पडतो. काही आठवड्यांनी परत करा, आधी २ ते ७ दिवस वीर्य जाऊ न देता, आणि जमलं तर त्याच लॅबमधी.
दुसरं, रक्तातलं शिसं तपासायची वेगळी टेस्ट असते, ब्लड लेड म्हणायचं. आपल्याकडल्या छोट्या लॅब सॅम्पल घेऊन पुण्या-मुंबईला पाठवतात, रिपोर्टला थोडे दिवस लागतात. एक गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगतो, शेडमधून तसंच उठून सॅम्पल द्यायला येऊ नका. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून या आणि सुई टोचायच्या आधी हात नीट साबणानं धुवायला लावा, नाहीतर कातडीवरचीच धूळ सॅम्पलमधी जाते आणि आकडा उगाच वर येतो.

बीडचा_पाटील:
असं काही नसतंय हो. आमच्या गल्लीत बॅटरीवाला आहे, पंचवीस वर्षं झाली दुकानाला, तीन लेकरं आहेत त्याला. टेन्शन घेऊ नका, टेन्शननंच होतं हे सगळं.

डॉक्टर_परभणी:
पाटील, तुम्ही धीर द्यायला म्हणताय ते कळतंय, पण दुकानात पाणी टाकून चार्जिंगला लावणं वेगळं आणि बंद शेडमध्ये शिसं वितळवणं वेगळं. धूर आणि बारीक धूळ पोटात-फुफ्फुसात किती गेली त्यावर सगळं आहे. शिवाय काउंट कमी असला म्हणजे मूल होतच नाही असंही नाही, वेळ लागतो, कधी अडतं. त्यामुळं एका माणसाच्या लेकरांवरून काही सिद्ध होत नाही.

वाळूजच्या भावा, तुमच्या शेडमधल्या जुन्या माणसाचं म्हणणं हवेतलं नाही. १९७५ मध्येच रोमानियातल्या बॅटरी कारखान्याच्या कामगारांवर अभ्यास झाला, त्यात शिसं जास्त गेलेल्या कामगारांमध्ये स्पर्म कमी, हालचाल कमी आणि आकार बिघडलेले असं सापडलं. त्यानंतरही बऱ्याच अभ्यासांत दिसलंय की रक्तात शिसं साधारण ४० मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटरच्या वर गेलं की परिणाम स्पष्ट दिसायला लागतो, आणि वितळवायच्या कामात माणूस ह्याच्या पुढं सहज जातो. शिसं दोन्हीकडून मारतं, मेंदूतून वृषणाला जाणारे हार्मोनचे निरोप बिघडवतं आणि वृषणातही नुकसान करतं. स्पर्मच्या डोक्यात डीएनए घट्ट गुंडाळून ठेवायला झिंक लागतं, त्या झिंकची जागा शिसं घेतं. म्हणून नुसता काउंट बघून भागत नाही.

ह्यावरून झिंकच्या गोळीनं भागेल असं वाटेल, पण तसं नाही. २०२० मध्ये अमेरिकेत २३७० जोडप्यांवर झिंक आणि फॉलिक अ‍ॅसिडची मोठी चाचणी झाली, ना रिपोर्ट सुधारला ना मुलं जास्त झाली. गोळी लिहून दिलीय तर घ्या, पण वरून शिसं रोज जातंय तोवर ती काय करणार.

भस्माबद्दल मात्र हात जोडून सांगतो, घेऊ नका. नागभस्म म्हणजे शिशाचंच भस्म, आणि मकरध्वजात पारा असतो, हीच नावं ताकदीसाठी, धातुपुष्टीसाठी सर्रास दिली जातात. सगळं आयुर्वेद वाईट असं मी म्हणत नाही, पण पुडीवर नाव नाही, कुणी बनवलं माहीत नाही, आणि ज्याच्या रक्तात आधीच शिसं असायची शक्यता आहे त्याला ते देणं म्हणजे विषावर विष. मामांना वाईट वाटेल, वाटू द्या.

बिडी-सिगारेट असेल तर तीही बंद. तंबाखूचं झाड जमिनीतलं कॅडमियम ओढून घेतं, धुरातून ते शरीरात जातं, मूत्रपिंडात वर्षानुवर्षं साठतं आणि वृषणालाही त्रास देतं. आणि रिपोर्ट घेऊन युरोलॉजिस्टला दाखवा, व्हेरिकोसील म्हणजे अंडकोषातल्या शिरा फुगल्यात का ते हातानं तपासून कळतं. सगळा दोष शिशावर टाकून दुसरं कारण सुटायला नको. पण पहिल्या वाक्यात काम सांगा, मी शिसं वितळवतो म्हणून. ते सांगितल्याशिवाय कोणत्याही डॉक्टरच्या डोक्यात येणार नाही.

युनियनवाला_शेंद्रा:
काम सोडता येत नाही हे मला पटतं, मी पण त्याच परिस्थितीतून गेलेल्या पोरांबरोबर बसलोय. तर काम चालू असताना काय करायचं ते सांगतो. शेडमधी जेवायचं नाही, चहा पण नाही. हात धुतल्याशिवाय तंबाखू मळायची नाही, तळहातावर चुना-तंबाखू मळताना शिशाची धूळ सरळ तोंडात जाते, आमच्या बाजूच्या पोरांचं निम्मं शिसं असंच पोटात जात असणार. सोडलीच तर सगळ्यात बरं. तोंडाला रुमाल बांधून धूर अडत नाही, फिल्टरवाला मास्क लागतो आणि त्याचे फिल्टर बदलावे लागतात. झाडू कोरडा मारायचा नाही, पाणी मारून पुसायचं. मालकाला वितळवायच्या भट्टीवर धूर ओढणारा हूड बसवायला सांगा, एकट्यानं नका सांगू, सगळे मिळून सांगा. शिशाची विषबाधा हा कामामुळं होणारा आजार म्हणून कायद्याच्या यादीत आहे, ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड असेल तर तिथं दाखवून कागदावर लिहून घ्या. कार्ड काढून दिलं नसेल तर आधी त्याच्यासाठी भांडा.

लातूरची_ताई:
दादा, माझे मिस्टर पण ह्याच लाइनला होते म्हणून लिहिते. तुमचे कामाचे कपडे कोण धुतं? तुमची बायकोच ना. तीच धूळ तिच्या पण अंगात जाते, आणि उद्या दिवस राहिले तर आईच्या रक्तातलं शिसं नाळेतून बाळाला जातं, लेकरांना तर थोडं पण चालत नाही. कपडे-चपला शेडमधीच बदलून या, तिथंच आंघोळ झाली तर लई बरं, आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका, वेगळे भिजवून वेगळे धुवा, ते पण तुम्हीच. तिची पण ब्लड लेड एकदा करा.
आणि दुसरं म्हणजे तुमचा रिपोर्ट घरात सगळ्यांना सांगा. चार वर्षं तिला काय काय ऐकावं लागलं असंल हे तुम्हाला सगळं माहीत नसणार. सासू-सासऱ्यांसमोर तुम्ही स्वतः बोलायला पाहिजे, तिच्यावर सोडू नका.

वाळूज_साइड:
सगळ्यांचे लई आभार. ताई, तुमचं वाचून खरंच अंगावर काटा आला, कपडे तीच धुते. भस्म घेत नाही. ब्लड लेड दोघांची करतो. डॉक्टर, एक सांगा, तपासणीत शिसं जास्त निघालं तर परत नॉर्मल होतं का का आता कायमचंच? रक्त साफ करायचं इंजेक्शन असतं म्हणतात ते घ्यावं का?

डॉक्टर_परभणी:
सुधारायची चांगली शक्यता असते. एक स्पर्म तयार व्हायला साधारण ७२ ते ७४ दिवस लागतात, त्यानंतर पुढच्या नळीत पिकायला अजून दहा-पंधरा दिवस, म्हणजे आज शिसं जायचं थांबलं तर सुधारलं का ते निदान तीन महिन्यांनी रिपोर्ट करून बघायचं, त्याच्या आधी करून पैसे घालवू नका. पण जुन्या कामगारांमध्ये शिसं हाडात बसलेलं असतं आणि ते वर्षानुवर्षं हळूहळू रक्तात येत राहतं, म्हणून काहींना वेळ जास्त लागतो.
ते इंजेक्शन म्हणजे चिलेशन. आकडा खूप वर असेल किंवा पोटदुखी, हातापायाची ताकद जाणं अशी लक्षणं असतील तर दवाखान्यात भरती करून देतात, मूल व्हावं म्हणून कोणी घरी किंवा क्लिनिकमध्ये देत असेल तर नको. आणि ते घेऊन परत त्याच धुरात जायचं असेल तर तर अजिबातच नको. आकडा आला की इथं टाका, शेडमध्ये दुसरं काम मिळतं का ते मालकाला आत्ताच विचारून ठेवा, भट्टीपासून लांबचं कोणतंही.