एक्सेल: तारीख बदलली की फॉर्म्युल्यातली रेंजही बदलायला हवी (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

गावातल्या दूध संस्थेचं लिखाण मी सांभाळते. प्रत्येक सभासदाची वेगळी शीट आहे. ए कॉलममध्ये तारीख, बीमध्ये सकाळ/संध्याकाळ, सीमध्ये लिटर, डीमध्ये फॅट. बिल दर दहा दिवसांनी निघतं. एच१ मध्ये 'पासून' आणि एच२ मध्ये 'पर्यंत' तारीख टाकली की तेवढ्याच ओळींचं एकूण दूध आणि सरासरी फॅट यायला हवी.

लिटरची बेरीज समइफ्सने (अटीत बसणाऱ्या ओळींचीच बेरीज करणारं फंक्शन) होते. अडतंय ते फॅटपाशी. सकाळी ६ लिटर ६.५ फॅटचं आणि संध्याकाळी ४ लिटर ७.५ चं आलं, तर सरासरी ७.० धरून चालत नाही, लिटरच्या हिशोबाने ती ६.९ होते. सभासद बिलावर हा आकडा आधी बघतात, तो चोख असायलाच हवा.

सध्या के१ आणि के२ मध्ये सुरुवातीचा आणि शेवटचा ओळ क्रमांक हाताने टाकून इनडायरेक्ट (मजकुरातून सेलचा पत्ता बनवणारं फंक्शन) वापरते, समप्रॉडक्ट ओळीओळीचा गुणाकार करून बेरीज देतो:

=समप्रॉडक्ट(इनडायरेक्ट("सी"&के१&":सी"&के२),इनडायरेक्ट("डी"&के१&":डी"&के२))/सम(इनडायरेक्ट("सी"&के१&":सी"&के२))

पण फॅटच्या आधी सीएलआरचा (लॅक्टोमीटरच्या रीडिंगचा) कॉलम घातला की "डी" तसाच राहतो आणि सरासरी सीएलआरची येते. एररही दाखवत नाही. शिवाय कुठेही एक आकडा भरला तरी सगळी फाइल अडखळते. एक्सेल २०१० आहे, त्यामुळे फिल्टर फंक्शन नाही. दुसरा मार्ग आहे का?

प्रतिसाद १

ताई, अवतरणातला "डी" एक्सेलच्या लेखी नुसता मजकूर आहे, म्हणून तो सरकत नाही. आणि इनडायरेक्ट, ऑफसेट ही फंक्शनं प्रत्येक बदलाला नव्याने मोजली जातात, फाइल जड होते ती त्यामुळे.

इंडेक्स वापरा, तो कॉलममधल्या दिलेल्या क्रमांकाच्या ओळीवरचा सेल गाठतो. इंडेक्स सेलचा पत्ताही देतो, म्हणून दोन इंडेक्समध्ये कोलन घातला की रेंज तयार होते:

=समप्रॉडक्ट(इंडेक्स(सी:सी,के१):इंडेक्स(सी:सी,के२),इंडेक्स(डी:डी,के१):इंडेक्स(डी:डी,के२))/सम(इंडेक्स(सी:सी,के१):इंडेक्स(सी:सी,के२))

ओळ क्रमांकही हाताने टाकू नका.

के१: =इफएरर(मॅच(एच१-१,ए:ए,१),१)+१
के२: =मॅच(एच२,ए:ए,१)

तारखा चढत्या क्रमाने हव्यात. मॅचमधला शेवटचा १ त्या तारखेची किंवा तिच्या आधीची शेवटची नोंद शोधतो, त्यामुळे एखाद्या दिवशी दूध आलं नसलं तरी अडत नाही. इफएरर आहे तो पहिल्याच बिलासाठी, तेव्हा आधीची तारीखच नसते.

एक जागा मात्र नक्की सांभाळा. म्हैस आटली आणि दहा दिवसांत एकही नोंद नाही, तर के२ हा के१ पेक्षा लहान येतो. एक्सेल सी४१:सी४० ही रेंज मुकाट्याने सी४०:सी४१ करून घेतं आणि बाहेरच्या दोन ओळी मोजतं. म्हणून सगळ्याला इफ(के२<के१,०,…) असं वेढून घ्या.

प्रतिसाद २

तारखा मागेपुढे भरल्या जात असतील तर ओळ क्रमांकांच्या फंदात न पडता:

=समप्रॉडक्ट((ए२:ए२०००>=एच१)*(ए२:ए२०००<=एच२),सी२:सी२०००,डी२:डी२०००)

याला समइफ्सच्या बेरजेने भागा. लिटर आणि फॅटच्या मधे स्वल्पविरामच ठेवा. गुणाकाराचं चिन्ह टाकलं आणि कुणी लिटरच्या जागी "सुट्टी" लिहिलं, की व्हॅल्यू एरर येते. स्वल्पविराम असला तर तो मजकूर शून्य धरला जातो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. इंडेक्सचा फॉर्म्युला बसला, सीएलआरचा कॉलम घालूनही आकडा हलला नाही. आता सगळ्या सभासदांची सरासरी एका गोषवारा शीटवर आणायची आहे, ए कॉलममध्ये शीटची नावं आहेत. तिथेही इंडेक्स चालेल?

प्रतिसाद १

नाही, शीटचं नाव सेलमधून घ्यायचं तर इनडायरेक्टच लागतो. सरासरी प्रत्येक शीटवर एम१ मध्ये असेल तर =इनडायरेक्ट("'"&ए२&"'!एम१"). नावात मोकळी जागा असते, म्हणून ती एकेरी अवतरणं गाळू नका. आणि सगळ्या शीट याच फाइलमध्ये ठेवा, बंद फाइलमधलं इनडायरेक्टला वाचता येत नाही.