रबरी सूटबद्दल थोडं

कुणीतरी विचारलंय, की गॉडझिला या महाकाय राक्षसाच्या जपानी सिनेमांत रबरी सूट घालून खेळण्यातली घरं तुडवणारा माणूस लोक सत्तर वर्षं का बघतायत? सूट रबरी आहे हे मान्यच. पण १९५४ चा मूळ 'गोजिरा' (गॉडझिलाचं जपानी नाव) एकदा नीट बघा. त्याच वर्षी १ मार्चला प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि 'लकी ड्रॅगन' या जपानी मासेमारी बोटीवर किरणोत्सारी राख पडली. सप्टेंबरात त्यातला एक खलाशी दगावला, नोव्हेंबरात सिनेमा लागला. सुरुवातीलाच समुद्रात एक बोट पेटते. तिथल्या प्रेक्षकाला ते काय आहे हे सांगावं लागलं नसणार!

पुढे पेटत्या टोकियोत एक आई पोरांना कवटाळून म्हणते, आता आपण बाबांकडे जाणार. हा प्रसंग लहान मुलांच्या मारधाडपटातला वाटतो का?

आणि त्या सूटमागची कारागिरी! सूट घालून काम करणारे नट हारुओ नाकाजिमा आत घामाघूम व्हायचे. स्पेशल इफेक्ट्स सांभाळणारे त्सुबुराया कॅमेरा जास्त वेगाने चालवून चित्रण करत, म्हणजे नेहमीच्या वेगाने दाखवल्यावर पडद्यावर हालचाल संथ आणि वजनदार दिसे. गोजिराची ती डरकाळी तर डबल बेस या मोठ्या तंतुवाद्याच्या सैल तारांवर चामड्याचा हातमोजा घासून काढलेली. संगीतकार इफुकुबेंचं संगीत हेडफोन लावून ऐकाच.

पुढचे काही भाग अगदीच पोरकट आहेत, नाही कशाला म्हणू? (मला तेही आवडतात.) फक्त सुरुवात १९५६ च्या अमेरिकन आवृत्तीने करू नका. त्यात एक अमेरिकन पत्रकार घुसडलाय आणि अणुचाचण्यांचे बरेच उल्लेख कापलेत.