गडद भिंतींवर फिकट रंग द्यावा का? दांडिया बाजारातील एका दिवाणखान्याविषयी

धागाकर्ती, दांडिया बाजार, बडोदे
आमचा दिवाणखाना पहिल्या मजल्यावर असून त्याला रस्त्याच्या बाजूने दोनच खिडक्या आहेत. सासऱ्यांनी तीस वर्षांपूर्वी हौसेने चारही भिंतींना गडद निळा ऑइल पेंट दिला होता. समोर तीन मजली इमारत उभी राहिल्यापासून सकाळी अकरा वाजताही तिथे दिवा लावल्याशिवाय वर्तमानपत्र वाचता येत नाही. परवा सासूबाईंनी सुईत दोरा ओवण्यासाठी खुर्ची ओढत खिडकीपाशी नेली, आणि त्याच क्षणी हा रंग बदलायचा असे मी ठरवले. यजमानांना मात्र "बाबांचा रंग" तसाच राहावा असे वाटते. पांढरट रंग त्यावर पडलेल्या प्रकाशाचा सुमारे ८० टक्के भाग परत खोलीत पाठवतो, तर असा निळा १० टक्केही पाठवत नाही. ज्या खोलीत मुळातच उजेड थोडा येतो, तिथे हा फरक साधा नव्हे. आपले मत काय, हे कृपया कारणांसह सांगावे.

प्रतिसाद, रावपुरा
मी आपल्याशी सहमत नाही. उजेड कमी झाला तो समोरच्या इमारतीमुळे, भिंतीमुळे नव्हे. मग शिक्षा भिंतीला का? आपल्याच गावातल्या तांबेकर वाड्यात माणसे आतून संपूर्ण चितारलेल्या भिंतींमध्ये राहत होती आणि तिथे कोणाला भिंत पांढरी असण्याची गरज भासली नाही. गडद भिंतीवर पितळी समई, जुन्या तसबिरी आणि लाकडी खांब जसे उठून दिसतात, तसे क्रीम रंगावर कधीही दिसणार नाहीत. शिवाय फिकट भिंतीवर स्विचजवळ बोटांचे, आरामखुर्चीमागे तेलकट डोक्याचे आणि देवघराशेजारी काजळीचे डाग वर्षभरात दिसू लागतात. सासूबाईंसाठी खुर्चीजवळ एक चांगला दिवा बसवा. वडिलांची आठवण पुसण्यापेक्षा ते सोपे आहे.

प्रतिसाद, कारेलीबाग
रंग बदलावा या मताचा मी आहे, परंतु घाईने नको. तुळतुळीत ऑइल पेंटवर थेट पाण्याचा रंग दिला, तर तो नखाने सोलून निघतो. आमच्याकडे रंगाऱ्याने तसेच केले आणि पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे लोंबू लागले. आधी चकाकी जाईपर्यंत घासकाम, मग ऑइल पेंटवर धरणारा प्रायमर, आणि त्यानंतरच रंगाचे दोन हात, हा क्रम सोडू नये. निळ्यावर प्रायमर नीट बसला नाही, तर तिसऱ्या हातानंतरही क्रीम रंग राखाडी वाटत राहतो. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. घरगुती रंगांतील शिशावर दर दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्यामुळे तीस वर्षांपूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासावे, केरसुणी न वापरता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे, आणि घरात लहान मूल असेल तर ते दिवस त्याला दुसरीकडे ठेवावे.

प्रतिसाद, सयाजीगंज
भिंत चुन्याच्या गिलाव्याची आहे का, हे प्रथम पाहा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुराचे पाणी आमच्या तळमजल्यात शिरले होते. भिंत वाळण्याआधीच आम्ही फिकट रंग दिला आणि गुडघ्याच्या उंचीपर्यंत पिवळट पट्टा वर आला. ओल असेल तर ती गडद रंगात लपते इतकेच, बरी होत नाही.

धागाकर्ती
कपाटामागे एक खपली निघाली आहे. निळ्याखाली पोपटी आणि त्याखाली पांढरा चुना दिसतो, म्हणजे सासऱ्यांच्या आधी ही खोली उजळच होती. रावपुऱ्याच्या वाचकांना नम्रपणे सांगते की दिव्याने पुस्तकावर उजेड पडतो, पण बाकीची खोली काळोखीच राहते, आणि सासूबाई दारापर्यंत जाताना चाचपडतात.

प्रतिसाद, रावपुरा
चाचपडण्याचा मुद्दा मान्य आहे. पण सगळेच एकसारखे पांढरट झाले, तर म्हाताऱ्या डोळ्यांना चौकट आणि स्विचबोर्ड भिंतीपासून वेगळे ओळखता येत नाहीत. निदान दाराची चौकट तरी गडद ठेवावी, आणि ज्या भिंतीवर सासऱ्यांची तसबीर आहे ती निळीच असू द्यावी.

धागाकर्ती
चौकट गडद ठेवू. तसबीर मात्र दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर आहे, आणि तीच भिंत काळी राहिल्यामुळे शेजारच्या खिडकीचा उजेड डोळ्यांत खुपतो. ती फिकट करावीच लागेल. यजमानांशी बोलून तसबीर दारासमोरच्या आडव्या भिंतीवर हलवते आणि ती एक भिंत निळी ठेवते; छत आणि उरलेल्या तीन भिंती क्रीम. घासकाम दिवाळीच्या महिनाभर आधी सुरू करू, म्हणजे चुना किती ओला आहे हेही कळेल.