हिस्टॉरिक की हिस्टॉरिकल?
एकांनी म्हटलंय की इंग्रजीतले हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल हे शब्द एकमेकांच्या जागी कुठेही वापरले तरी चालतात. मला ते पटत नाही. 16 जानेवारी 1967 चा गोव्याचा जनमत कौल, म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावरचं मतदान, हिस्टॉरिक, कारण त्याने इतिहासाला वळण दिलं. त्या काळातली मतदारयादी मात्र हिस्टॉरिकल, म्हणजे इतिहासाशी संबंधित, मग ती कितीही साधी असो. वाक्यं अशी करा: 'द 1967 ओपिनियन पोल वॉज अ हिस्टॉरिक व्होट', 'शी स्टडीज हिस्टॉरिकल रेकॉर्ड्स इन पणजी'. दुसऱ्या वाक्यात हिस्टॉरिक घातलं तर साधी कागदपत्रंही युगप्रवर्तक ठरतात!

इकॉनॉमिक आणि इकॉनॉमिकलचंही तेच. फेरीबोटीचा प्रवास इकॉनॉमिकल, म्हणजे कमी खर्चाचा; गोव्यातल्या 2012 च्या खाणबंदीचा फटका इकॉनॉमिक, म्हणजे अर्थव्यवस्थेशी संबंधित. मुलांना हे व्याख्येपेक्षा गावातल्या उदाहरणांनी शिकवा, लवकर कळतं.