३८ + २७ आणि कापलेला अर्धा मार्क

वहिनी, सी-४०३: नमस्कार. लेकीचा दुसरीचा पेपर मिळाला. ३८ + २७, उत्तर ६५ बरोबर, तरी अर्धा मार्क कापलाय. 'हातचा दाखवला नाही.' ती म्हणते, "सत्तावीसातले दोन अडतीसला दिले, चाळीस झाले. मग पंचवीस उरले ना!" काय सांगू तिला?

आजोबा, ए-१०१: शाबास म्हण! सीतलामाता बाजारात चाळीस वर्षं गल्ल्यावर बसलो. बिल ६३, नोट शंभराची. वजाबाकी मांडत कोण बसतं? त्रेसष्ट न् सात सत्तर, न् तीस शंभर. बोलेपर्यंत सदतीस गिऱ्हाइकाच्या हातात.

काका, बी-२०२: आजोबा, पटलं. पण ४७८६ + २९४७ असं तोंडी होणार आहे का? आमच्या चिरंजीवांना एकाखाली एक आकडे मांडायचा कंटाळा, पाचवीत फार जड गेलं. हातचा यायलाच हवा.

ताई, डी-३०४: काका, यायलाच हवा, पण कधी ते बघा. मी प्राथमिकला शिकवते. २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आहे ना, ३ ते ८ वयाचा, त्यात दोन अंकी बेरीज-वजाबाकी संख्या जोडून-फोडून, लवचिक रीतीने यावी असंच म्हटलंय. वहिनी, तुमच्या लेकीनं नेमकं तेच केलंय. अमेरिकेच्या २०१० च्या कॉमन कोअरमध्ये, म्हणजे कुठल्या इयत्तेत काय यावं याच्या तिथल्या निकषांत, ८ + ६ म्हणजे ८ + २ + ४ हे पहिलीतच येतं, दुसरीअखेर एक अंकी बेरजा तोंडपाठ हव्यात, आणि उभ्या मांडणीची बेरीज सफाईनं यायची ती चौथीत.

मावशी, बी-५०१: तिथलंही सगळं गोड नाही हं. माझ्या नातवाला उत्तर झटकन आलं, तर शाळेत तीन रीतींनी लिहून, चित्र काढून दाखव म्हणाले. रडला पोरगा. रीत शिकवा, पण तिचीच सक्ती झाली तर हातच्यात न् तिच्यात फरक काय?

ताई, डी-३०४: मावशी, अगदी खरं. म्हणून मी लिहून मागतच नाही, "कसं काढलंस?" एवढंच विचारते. वर्गात ४२ मुलं, रोज चौघांनाच विचारणं होतं. पण एकाचं ऐकून दुसरा शिकतो. मार्क मात्र उत्तरालाच द्यावा. हातचा तपासायचा तर प्रश्नातच 'उभी मांडणी करा' लिहावं.

आजी, ए-१०१: अगं, आपल्या आकड्यांच्या नावातच ही युक्ती आहे. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. हिंदीतलं उनतीसही तेच. ४५ त २९ मिळवायचे तर तीस मिळव, एक काढ. पोरं दिवसभर ट्वेंटी नाइन म्हणतात, त्यात हे ऐकूच येत नाही. घरी तरी मराठीत मोजा.

वहिनी, सी-४०३: आजी, आत्ताच विचारलं तिला. पंच्याहत्तर म्हणाली, मग बोट दुमडून "नाही, एक काढायचाय." सोमवारी शाळेत जातेय. मार्क मागायला नाही, ३८ + २७ तिनं कसं केलं ते बाईंनी तिच्याच तोंडून ऐकावं म्हणून.